उसना नेलेला दोर

दिवेकरांनी मला फसवलं. दोर माझा होता, खोटा शब्द त्यांचा होता, आणि त्या शब्दाच्या भरवशावर कातळावर चढलेली बाई तिसरीच होती. एवढं आधीच सांगून ठेवतो.

ही बाई, वैशाली घरत, तेव्हा जमिनीपासून दोन मजले वर होती. उजवा पाय बोटभर खाचेत, डावा तिरक्या खडकावर नुसता टेकलेला, दोन्ही हात डोक्याच्या वर. तिच्या कमरेला बांधलेला दोर वर जाऊन, माथ्यावर अडकवलेल्या कडीतून फिरून, खाली माझ्या हातात आला होता. माझ्या पाठीमागे सुर्वे नावाचा माणूस केळं खात बसला होता. खाता खाता तो शेजारच्याला म्हणाला, "याच दोराने आम्ही प्रॉडक्शनवाल्यांची जिरवली."

मी मान वळवली नाही. बिले देणारा माणूस मान वळवत नाही. बिले देणं म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळणं. तो वर सरकला की सैल पडलेला दोर ओढून घ्यायचा, तो सुटला की दोर जागच्या जागी अडवायचा. नजर त्याच्या पायांवर ठेवायची.

"कशात जिरवली?" मी वर बघतच विचारलं.

"रस्सीखेचीत. परवाच्या स्पोर्ट्स डेला."

माझा दोर रस्सीखेचीत कसा गेला, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मी मूळचा उरणकडचा. घरचं मिठागर होतं, ते सरकारी संपादनात गेलं. पनवेलला आलो आणि नव्या वसाहतीतल्या पाण्याच्या टाक्या रंगवू लागलो, दोराला फळी बांधून, त्या फळीवर बसून. शनिवारी मुंबईचे गिर्यारोहक एसटी स्टँडवर उतरायचे. त्यांच्या सॅक मी वाहिल्या, त्यांनी मला गाठी शिकवल्या. फुकट कुणी काही दिलं नाही, मीही मागितलं नाही. पुढे एक एक करून स्वतःचं सामान जमवलं आणि नवशिक्यांना रॉक क्लाइंबिंग शिकवायला लागलो. नव्वदच्या आसपासची गोष्ट. आपला स्टाफ डोंगरावर न्यायची हौस कंपन्यांना तेव्हा नवीनच लागली होती.

दिवेकर आमच्या भागातल्या एका कारखान्यात पर्सनल ऑफिसर होते. गोरे, हसरे, खिशात कायम शिट्टी. कारखान्यातली पिकनिक, पूजा, स्पर्धा, सगळं तेच बघायचे. त्यांच्या केबिनमध्ये आमचा सौदा झाला.

"तीस जण आणतो," ते म्हणाले.

"दहा."

"म्हात्रे, बस चाळीसची आहे. बाकीच्या सीटवर काय ठेवू?"

"जेवणाचे डबे ठेवा."

"पंचवीस. आणि दुपारपर्यंत सगळे वर गेलेले पाहिजेत. जीएमना फोटो हवाय."

"फोटोला कातळ कशाला? गेटवर उभे करा. चढायचं असेल तर एका दोरावर एका वेळी एक माणूस. नवशिक्यांसाठी माझ्याकडे दोर दोन."

ते चिडत नव्हते, हसत होते. अशा माणसाशी भांडायला मला जड जातं. मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, उठून दारापर्यंत गेलो. शेवटी बारावर आले. पण बदल्यात त्यांनी एक मागितलं. आठवडाभर आधी एक दोर त्यांच्याकडे ठेवायचा. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये लोक गाठीची प्रॅक्टिस करतील, म्हणजे कातळाखाली वेळ जाणार नाही.

मी दोर कुणाला देत नसे. पण बारा हा आकडा मी झगडून मिळवला होता आणि मागणी वाजवी होती. दोर दिला. देताना सांगितलं, "फक्त गाठी मारायच्या. ओढायचा नाही. पायाखाली आणायचा नाही."

"बायकोसारखा जपतो," दिवेकर म्हणाले.

"बायकोचं मला माहीत नाही. दोर जपा."

क्लाइंबिंगचा दोर बाजारातल्या दोरासारखा नसतो. बाहेर रंगीत विणलेलं कव्हर असतं, त्याला सदरा समजा. ताकद आत असते, पांढऱ्या धाग्यांच्या जुडग्यात. माणूस पडला की हा दोर थोडा लांबतो आणि झटका स्वतः खातो. म्हणून पडणाऱ्याची कंबर मोडत नाही. मात्र असे झटके, असे ताण तो किती सोसणार, त्याला मर्यादा असते. सदऱ्यावर वाळू रगडली तर कण आत शिरतात आणि धागे आतून कापत राहतात. बाहेरून दोर नवरीसारखा दिसतो.

म्हणून आमच्यात एक रीत आहे. दुसऱ्याचा दोर परत करणारा माणूस, त्या दोराने काय सोसलं ते आपण होऊन सांगतो. कुणी पडला होता, धारेवर घासला, वरून दगड आला. सांगण्यात कमीपणा नाही. मालक मान हलवतो, दोर बाजूला टाकतो, दोघं चहा पितात. हे मी मुंबईच्या पोरांकडून पहिल्या दिवशी शिकलो, गाठींच्याही आधी.

ठरलेल्या रविवारी बस आली. आमचा कातळ पळस्प्याच्या पुढे, गोव्याच्या रस्त्यावरून थोडं आत. तीन मजली इमारतीएवढा उंच, काळा, खाचाखोचांचा. शिकायला चांगला. दिवेकरांनी बसमधून उतरून दोर माझ्या हातात दिला. ते काही बोलले नाहीत. रीत त्यांना माहीत नव्हती, म्हणून मीच विचारायचं होतं. त्याआधी मी दोर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हातातून काढला. डोळे मिटून. कुठे पोकळ लागतो का, कुठे फुगवटा लागतो का. तसं काही लागलं नाही. पण तळहातावर पांढरी पूड आली.

"हे काय?"

"खडूची पेटी फुटली कपाटात."

"दोर कपाटाबाहेर निघाला होता?"

"गाठींपुरता. कॅन्टीनच्या टेबलावर."

"कुणी ओढला? वजन टांगलं?"

"म्हात्रे, शब्द देतो. कपाटातून टेबलावर, टेबलावरून कपाटात."

हाताला जेवढं कळतं तेवढं मी तपासलं होतं. दोर कुठून कुठून फिरून आला हे हाताला कळत नाही. ते माणसाला विचारावं लागतं. मी विचारलं. उत्तर मिळालं. माझ्या जागी कुणीही तो दोर लावला असता. नंतर मला शहाणपण शिकवणारे बरेच भेटले, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

दोर लावला. माझा जोडीदार बळीराम दुसऱ्या दोरावर, डावीकडच्या सोप्या उतारावर उभा राहिला. मी बारा जणांना गोल बसवलं आणि पहिला धडा दिला. दोन हात, दोन पाय, हे चार टेकू. हलवायचा एकच, बाकीचे तीन खडकावर. हातांनी लोंबायचं नाही. जिना आपण हातांनी चढत नाही, कातळही नाही. वजन पायांवर द्यायचं, हात तोल सांभाळायला. आणि पोट खडकाला चिकटवायचं नाही. घाबरलेला माणूस खडकाला मिठी मारतो आणि मग त्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत.

"माझं पोट आपोआप चिकटतं," सुर्वे म्हणाला. तो मेंटेनन्सचा फिटर, पोट बऱ्यापैकी.

"मग तुम्ही उलटे चढा."

दुसरा धडा दोरावर बसायचा. प्रत्येकाने पुरुषभर उंचीवर जायचं, हात सोडायचे आणि दोरावर सरळ बसायचं. नवशिक्याला दोरावर विश्वास बसला नाही तर तो वर जाऊन गोठतो. अकरा जण बसले, हसले, उतरले. वैशाली बसेना. ती डिस्पॅच सेक्शनला क्लार्क होती. तिच्या वडिलांचीही जमीन गेली होती, त्या बदल्यात तिला ही नोकरी लागली होती. माझ्याशी ती घरच्या भाषेत बोलायची.

"दादा, हात सोरले तर मी पडंन."

"नाय पडायचीस. दोर धरेल."

"तुमाला म्हाईत हाय?"

"मी बांधलाय."

तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "तुमी सांगता म्हनून," असं म्हणून हात सोडले. डोळे घट्ट मिटून बसली, मग एक डोळा उघडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर माझ्या बाजूने पाच जण चढले. वर पोहोचले की दोरावर बसायचे आणि मी त्यांना हळूहळू खाली सोडायचो. त्यांतला सुर्वे अर्ध्यापर्यंतच गेला. सहावी वैशाली. ती छान चढली. पाय बघून, घाई न करता. दोन मजल्यांवर कातळ थोडा बाहेर झुकतो, तिथे ती थांबून पुढची खाच शोधत होती. आणि तेव्हा सुर्वे ते बोलला.

"कुठला दोर म्हणालात?" मी विचारलं. अजून मला वाटत होतं की दुसरा असेल.

"हाच की. नेहमीचा काथ्याचा तळहात सोलतो. हा लोण्यासारखा. दिवेकर साहेबांनीच कपाटातून काढून दिला." मग त्याला आठवून हसू आलं. "प्रॉडक्शनवाले लबाड. हरायला लागले तर शेवटच्या गड्याने झेंड्याच्या खांबाला वेढा दिला. लोखंडी अँगल तो. आम्ही सगळे ओढतोय आणि दोर जागचा हलेना. कर्रकर्र वाजत होता."

म्हणजे पांढरी पूड खडूची नव्हती. मैदानावर रेषा आखायला टाकतात त्या चुन्याची होती. सेफ्टी शूज घातलेले दोन डिपार्टमेंट माझ्या दोरावर नाचले होते, आणि वर तो लोखंडाच्या धारेला वेढा घालून ओढला होता.

दिवेकर पाच पावलांवर उभे होते. त्यांनी हे ऐकलं. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं, ते बसच्या दिशेला बघायला लागले.

मला राग लवकर येतो. पनवेलच्या बाजारात विचारा. पण दोर हातात असताना येत नाही. तेव्हाही आला नाही. मी एवढाच हिशोब केला की या घडीपासून हा दोर नाही असं समजायचं. वैशालीने हात सोडता कामा नये, तिने दोरावर बसता कामा नये, आणि हे तिला कळता कामा नये. कळलं तर ती खडकाला मिठी मारेल आणि पाय सुटतील.

बळीरामच्या दोरावर कुणी नव्हतं. त्याला खुणेने सांगितलं, दोर सोडव, तो घेऊन मागच्या वाटेने माथ्यावर जा आणि वरून हिला टाक. तो लगेच निघाला. पण ती वाट करवंदीच्या जाळीतून फिरून जाते, आणि वैशालीचा डावा पाय थरथरायला लागला होता. शिलाई मशीनसारखा. पाय थकले की असं होतं. ती फार वेळ टिकणार नव्हती.

"दादा, मना खाली सोरा," ती वरून म्हणाली. "हात भरलं."

"सोडा म्हटलं म्हणून सोडायचं नाय आज," मी म्हणालो. "आज तुला उतरायला शिकवतो. चढता कुनालाबी येतं."

"बाकीच्यांना सोरलंत की."

"ते आळशी. तू नाय. डावी टाच खाली कर. पूर्ण. आता लांब श्वास घे."

टाच खाली गेली, थरथर थांबली.

"आता उजवा पाय काढ, सरळ खाली ने. गुडघ्याच्या खाली खाच हाय."

"दिसत नाय."

"दिसायची गरज नाय. पोट बाहेर काढ, मंग दिसंल."

तिने कंबर खडकापासून दूर केली. दोर किंचित ताणला गेला. मी हातभर दोर सोडला. ती म्हणाली, "दोर ढिला केलात?"

"तुला वाकायला जागा नको?"

मागून दिवेकरांचा आवाज आला. "म्हात्रे, सोडून द्या ना खाली. डबे गार होतायत. कशाला उगाच नाटक?"

मी नजर वरच ठेवली. ते जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "पाच जण लटकले सकाळपासून. काही झालं का?"

मिठागराचा बांध फुटतो ना, तो आदल्या भरतीला टिकलेलाच असतो. पण हे मी नंतर म्हणालो. तेव्हा एवढंच म्हणालो, "साहेब, दोन पावलं मागे."

ते गेले.

एक पाय, मग एक हात. मी प्रत्येक खाच सांगत होतो. तो कातळ मला पाठ आहे, तरी खालून बघताना अंतरं फसवतात. एकदा मी सांगितलेल्या जागी खाच नव्हती. तिचा पाय हवेत फिरला, पुन्हा फिरला. मी "डावीकडं" म्हणायच्या आधी तिने स्वतःच पाय मूळ जागी परत नेला. तीन टेकू. तिने धडा ऐकला होता. मग आपणहून डावीकडे चाचपडत तिने दुसरी खाच शोधली. त्यानंतर मी कमी बोललो. बाकीचे उठून उभे राहिले होते. सुर्वेच्या हातात केळ्याचं साल तसंच होतं. आपण काय बोलून गेलो ते त्याला उमगलं होतं.

पुरुषभर उंची राहिली तेव्हा माथ्यावरून बळीरामने हाक मारली. दुसरा दोर टाकू का, विचारत होता. गरज उरली नव्हती. वैशालीचा पाय मातीला लागला आणि ती तिथेच खाली बसली. मी तिच्या कमरेची गाठ सोडवली. सोडवलेलं टोक मी बोटांनी चाचपायला लागलो. ते तिने बघितलं.

"दोर खराब हाय?" तिने विचारलं.

"तो रस्सीखेचीत वापरलाय. किती खराब, ते मला सांगता येणार नाय."

ती वर कातळाकडे बघत राहिली. मग दिवेकरांकडे वळली. तिच्या रजेच्या अर्जावर सही करणारा माणूस तो. तिने आवाज चढवला नाही. "साहेब, तुमी तितंच होता की. शिट्टी तुमीच वाजवली."

दिवेकरांनी खिशातली शिट्टी चाचपली.

मग मला राग आला. काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. बांधाची गोष्ट तेव्हाच ऐकवली. बळीराम खाली आला, त्याच्याकडून कोयता घेतला आणि सगळ्यांच्या देखत दोराचे हातभर लांबीचे तुकडे केले. बाद झालेला दोर असाच तोडायचा असतो, म्हणजे चुकून कुणी पुन्हा वापरत नाही. खांबाला वेढा बसला होता तो भाग मला ओळखू आला नाही, पण मधल्या काही तुकड्यांत पांढऱ्या धाग्यांमध्ये मैदानातली बारीक खडी निघाली. एक तुकडा वैशालीने मागून घेतला.

तो दोर तुटला असता का? मला माहीत नाही. दिवेकरांनाही माहीत नव्हतं. मला विचारायची संधी मिळाली होती, मी विचारलं. त्यांना सांगायची संधी मिळाली होती, त्यांनी कपाट सांगितलं.

पुढच्या आठवड्यात जीएमनी बोलावलं. दिवेकर आधीच बसले होते. त्यांची तक्रार अशी की म्हात्रे तोंडाळ आहे, कोर्स अर्धवट टाकला, आणि आपल्या जुन्या दोराचं खापर कंपनीवर फोडतो.

"दोर तुमच्याकडे कुठे होता?" जीएमनी त्यांना विचारलं.

"कपाटात, सर. किल्ली माझ्याकडे."

मी म्हणालो, "सुर्वेला बोलवा. घरतबाईंना बोलवा. दोघं याच इमारतीत आहेत."

जीएमनी घड्याळाकडे बघितलं. "म्हात्रे, कुणाला काही लागलं नाही ना? मग विषय वाढवू नका." पुढच्या सगळ्या बॅचेस दुसऱ्याला गेल्या. स्पोर्ट्स डे कमिटीचं काम उत्तम केलं म्हणून दिवेकरांचा त्या वर्षी सत्कार झाला, हे मला सुर्वेनेच येऊन सांगितलं. खाली मान घालून सांगितलं. त्याला दोष देत नाही. तो निदान दोराविषयी खरं बोलला होता, मग हसत का असेना.

यातून मी शिकलो ते एवढंच. दोर उसना द्यायचा नाही. दिलाच तर परत घ्यायचा नाही.

मी आणखी बरीच वर्षं शिकवलं. वैशाली पुढे तीन-चार वेळा स्वतःहून आली, माथ्यापर्यंत गेली, आणि दर वेळी दोरावर न बसता पायांनी उतरली. दोरावर बसायला ती पुन्हा कधी तयार झाली नाही. माझ्या शब्दावरही नाही. हे नुकसान दोरापेक्षा मोठं आहे, आणि ते मी दिवेकरांच्या नावावर लिहून ठेवलंय.

दिवेकर आता रिटायर होऊन न्यू पनवेलला राहतात. सकाळी विचुंब्याच्या रस्त्याने फिरायला जातात. मला बघितलं की रस्त्याच्या पलीकडे होतात. वैशाली विचुंब्यालाच राहते, घर रस्त्याला लागून. दोराचा तो तुकडा तिच्या ओट्यावर किल्ल्या अडकवायला टांगलेला आहे, येता-जाता दिसतो.

तर दिवेकरसाहेब, तुम्ही रोज त्या घरावरून जाता. एकदा आत जा. दोर कपाटातच होता हे तिला तोंडावर सांगा, नाहीतर नव्हता हे सांगा. दोनपैकी एक उत्तर तिला द्या. मला नाही दिलंत तरी चालेल.